आमची वाटचाल : शटरपासून सरकत्या खोलीपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला गेटं आणि शटरं बनायची. मोटर, रॅक (दात असलेली पट्टी), पिनियन (तिच्यावर चालणारं दातेरी चाक) हाताखालचंच, म्हणून कॅराव्हॅनच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, स्लाइड-आउटचं काम घेतलं. गाडी उभी करून बटण दाबलं की भिंतीचा एक भाग सोफ्यासकट बाहेर सरकतो आणि आत चालायला जागा होते. गेटाखाली जमीन असते. ही खोली मात्र हवेत लोंबते आणि शिवाय तिच्यातून थेंबभर पाणी आत येता कामा नये.

आम्ही रॅक-पिनियनच बसवतो. फरशीखाली दोन चौकोनी पोलादी नळ्या, त्यांना दात, १२ व्होल्टची गिअरमोटर आणि आडवा शाफ्ट. शाफ्ट एकच, त्यामुळे दोन्ही बाजू बरोबरीने चालतात. एका लहान खोलीसाठी हायड्रॉलिक पंप, तेल, पाइप हा पसारा आम्हाला पटत नाही. भिंतीत दोन मोटरी असलेली पद्धत हलकी असते. पण त्या मोटरींना कंट्रोलर फेरे मोजून जुळवतो. व्होल्टेज पडलं की एक मागे राहते आणि खोली तिरकी अडकते. अशी गाडी आली की आधी बॅटरी तपासतो. मग खोली पूर्ण बाहेर नेऊन बटण आणखी ३-४ सेकंद दाबून धरायचं. दोन्ही मोटरी टोकाला टेकल्या की हिशेब पुन्हा जुळतो.

तारेत कंजुषी नको. मोटर ३० अँपिअर ओढते आणि बॅटरी ८ मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन १६ मीटर तार झाली. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत दीड व्होल्ट वाटेतच जातो, १६ चौरस मिमीच्या तारेत जेमतेम अर्धा. फ्यूज बॅटरीला लागून.

तरीही खरा वेळ जातो तो चौकटीत. भिंत कापली की तिचा आधार जातो, म्हणून कडेने बॉक्स-सेक्शन (चौकोनी पोकळ नळी) वेल्ड करावा लागतो आणि वेल्डच्या ओढीने चौकट गुण्यातून सुटते, म्हणजे कोपरे काटकोनात राहत नाहीत. समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून टाके मारायचे, गार होऊ द्यायचं, मग दोन्ही कर्ण मोजायचे. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आम्ही चालवून घेत नाही. कारण चौकट तिरकी असेल तर बल्ब सील (कडेची पोकळ रबरी पट्टी) एका कोपऱ्यात चिरडून फाटतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात टेकतच नाही. खोली बंद करताना सीलमध्ये कागदाची पट्टी धरा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथूनच पाणी येणार. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ते हमखास येतं, म्हणून पट्टीनंतर अर्धा तास वरून पाण्याचा पाइप.

द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यावर धूळ फार. रॅकला ग्रीस लावलं की ती चिकटते आणि दात घासत जातात. कोरडं वंगणच मारा. सीलच्या ईपीडीएम रबराला सिलिकॉन चालतं, पेट्रोलियम तेलाने ते फुगतं. बंद करण्याआधी खोलीचं छत झाडून घ्या, एखादा खडा आत ओढला गेला तरी सील कापतो.

रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी, म्हणून चालत्या गाडीत खोली बाहेर येऊ नये यासाठी हँडब्रेक ओढल्याशिवाय मोटरला वीजच मिळत नाही अशी जोडणी करतो. बॅटरी मेली तर मोटरचा ब्रेक सोडून हँडलने खोली आत घेता येते. ते हँडल सोफ्याखाली ठेवू नका. खोली अर्धवट अडकली तर तिथवर हात पोचत नाही. आम्ही ते दाराच्या आत, क्लिपला अडकवतो.