चवीचा खेळ आणि परवानगीचा फॉर्म

सोलापुरातल्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांसाठी आहाराचे खेळ घ्यायचे होते. खेळ पटकन बसले. अडलं ते कार्यालयातल्या एका छापील फॉर्मपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

फॉर्म 'खाद्यपदार्थ वाटपा'चा. वाढदिवसाची चॉकलेटं असोत की डोळे बांधून मुळा ओळखायचा खेळ, फॉर्म तोच. त्यात एक रकाना: पुरवठादाराचा परवाना क्रमांक. चॉकलेटच्या वेष्टनावर तो छापलेलाच असतो, म्हणून तो अर्ज लगेच मंजूर. लक्ष्मी मंडईत गाजरं घेऊन बसलेल्या मावशींकडून कुठला क्रमांक आणायचा? रकाना रिकामा, म्हणून अर्ज परत. मग 'साहेबांना विचारून सांगतो', मग साहेब रजेवर. खाण्यातून मुलांना काही झालं तर शाळा अडचणीत येते, ही भीती रास्तच आहे. शालेय पोषण आहारही आधी मोठ्यांनी चाखून मगच वाढतात. पण गाजर अडवायचं आणि साखर सोडायची, हे मला पटत नाही. जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनीच मनाई केली आहे.

सुटलं ते असं. अर्ज दोन केले. खाणं नसलेल्या खेळांना तो फॉर्म लागतच नाही, ते 'उपक्रम' म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीवर झाले. चाखण्याच्या अर्जात त्या रकान्यात 'लागू नाही. पालकांनी घरून दिलेली अख्खी फळे-भाज्या, शाळेत धुऊन चिरणार' असं लिहिलं आणि प्रत्येक पालकाची अर्ध्या पानाची संमती जोडली: शेंगदाणा, तीळ, दूध, अंडं यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, दुसऱ्याच्या डब्यातलं चाखू द्यायचं का, सही. चिठ्ठ्या सोमवारी द्या, शनिवारी दिलेल्या दप्तरातच राहतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

परवानगीची वाट बघताना पिशवीचा खेळ घेता येतो. कापडी पिशव्यांत ज्वारी, बाजरी, गहू, तूर. हात घालून ओळखायचं. मंगळवेढ्याची ज्वारी घरात असलेली मुलं दाणा बोटावर फिरवूनच सांगतात.

'ताट भरा' साठी खडूने मोठं वर्तुळ आखा. निम्म्यात भाज्या-फळं, उरलेल्याचे दोन भाग: एकात भाकरी, भात, दुसऱ्यात डाळी, दूध, अंडी. चाळीस चित्रं, चार गट, एका वेळी एकानेच पळायचं. बटाट्याच्या चित्रावर हमखास भांडण होतं. त्यात पिष्टमय भाग जास्त, म्हणून तो भाकरीकडे. शेंगदाण्याची चटणी डाळींकडे.

साखरेसाठी रिकामी बाटली आणा. लेबलवर १०० मिलीमागे १० ग्रॅम साखर असेल तर २५० मिलीत २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे. मुलांनाच ग्लासात मोजू द्या. मोठ्यांनी सांगू नये.

चाखताना गुण ओळखण्याला द्या, खाण्याला नाही. 'संपवलंस तर बक्षीस' म्हटलं की भाजी शिक्षा होते. नको म्हणणाऱ्याने नुसता वास घेतला तरी चालेल. नवी चव पटायला ती बरेचदा आठ-दहा वेळा समोर यावी लागते. कुणाच्या डब्यावर किंवा वजनावर शेरा नको. डाळिंब मुलांना सोलायला देऊ नका, गणवेशावरचे डाग निघत नाहीत.

हे सगळं जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकल्यावर, फेब्रुवारीपर्यंत घ्या. गाजर, मुळा, बोरं, हरभऱ्याचे डहाळे तेव्हा मिळतात. एप्रिलच्या उन्हात चिरलेली काकडी दुसऱ्या तासापर्यंत टिकत नाही.