पोटात बाळ, पर्समध्ये पंप

मला दमा शाळेपासून आहे. त्यामुळे दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरात आधी चर्चा झाली ती पंपाची. "आता तरी तो बंद कर गं, बाळाला बाधेल," सासूबाई म्हणाल्या. आईचंही फोनवर तेच. जाऊबाईंनी तर अडुळशाचा काढा सुचवला, झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक या हिशेबाने.

मी पुढच्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेले आणि सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरांनी अडुळशावर आधी फुली मारली. त्यातल्या वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात तो नकोच. पंप मात्र चालू. माझा रोजचा पंप ब्युडेसोनाइडचा, सकाळ-संध्याकाळ २०० मायक्रोग्रॅम. औषध थेट फुप्फुसात जातं, रक्तात फार थोडं उतरतं. गरोदर बायकांमध्ये या औषधाचा अनुभवही मोठा आहे. स्वीडनमध्ये जन्मनोंदणीतून अशा दोन हजारांवर बाळांची माहिती तपासली होती, त्यात जन्मजात दोष वाढलेले दिसले नाहीत. उलट दमा आटोक्यात नसेल तर आईचं बीपी वाढणं, दिवस भरण्याआधी प्रसूती, बाळाचं वजन कमी भरणं हे धोके वाढतात. "तुमचा ऑक्सिजन उतरला तर बाळाचाही उतरतो," ते म्हणाले. सासूबाई घरी येईपर्यंत गप्प होत्या, पण पंपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. गरोदरपणात दमा नसलेल्या बायकांनाही धाप लागते. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास मुळातच खोल होतो, पुढे पोट वर सरकतं. मग माझी धाप कुठली, बाळाची की दम्याची? डॉक्टरांनी खुणा सांगितल्या: छातीत शिट्टी वाजणं, खोकला, रात्री धापेने जाग येणं, धाप लागली की लगेच आराम देणारा निळा पंप वारंवार लागणं. हे दम्याचं. आणि जोडीला पीक फ्लो मीटर. जोरात फुंकायचं, काटा कुठे थांबतो ते लिहायचं. गरोदरपणामुळे हा आकडा फारसा घसरत नाही, म्हणून घसरला तर दम्यावर संशय घ्यायचा. माझा नेहमीचा ३८० च्या आसपास. जिना चढून मी धापा टाकत असायचे आणि मीटर शांतपणे ३७० दाखवायचं! त्या स्वस्त प्लास्टिकच्या नळीने माझी निम्मी भीती घालवली.

साधारण एकतृतीयांश जणींचा दमा या काळात बळावतो, तितक्याच जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. माझा बळावला. सातव्या महिन्यात दिवाळी आली, फटाक्यांच्या धुराने रात्री शिट्टी सुरू झाली आणि मीटर २६० वर आलं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं त्याप्रमाणे सालब्युटामॉलचा निळा पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेतला, एकेक पफ सुटा. थोडा आराम पडला, पण पुन्हा तेच, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठलं. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर, ऑक्सिजन, बाळाचे ठोके तपासणं. ठोके उत्तम होते. रोजच्या पंपाचा डोसही डॉक्टरांनी तेव्हा वाढवला.

स्पेसरचं इथे सांगतेच, कारण कंटाळा करून तो कपाटात ठेवणाऱ्या पुष्कळ आहेत. त्याने औषध घशात कमी आणि आत जास्त जातं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पफ दाबून सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला की आत औषध चिकटतं.

प्रसूतीच्या फाइलवर आम्ही पहिल्याच पानावर 'दमा' असं लाल पेनाने लिहून घेतलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्ट नावाचं इंजेक्शन देतात, त्याने श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून दम्याच्या बाईला ते टाळतात. ऑक्सिटोसिन चालतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही मी स्वतः सांगितलं. कळांच्या वेळीही पंप उशाशीच होता, पण निळा फारसा लागला नाही.

अंगावर पाजतानाही तोच पंप चालू राहिला. एका गोष्टीला मात्र मी घरात साफ नकार दिला: ओवा-वावडिंगाच्या धुरीला. शेगडी खोलीत येऊ दिली नाही. तेल-मालिश झाली, शेक गरम पाण्याच्या पिशवीने घेतला, आणि बाळाची अंघोळ झाली की त्याला नुसतं कोरडं करून गुंडाळायचं, असं ठरलं.