बेट जमिनीला लागले तो दिवस

नानांचा फोन पहाटे पावणेपाचला आला. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकणाऱ्या या गृहस्थांनी एरवी मला कधी अवेळी फोन केला नव्हता. ते एवढेच म्हणाले, "ताई, बेट जमिनीला लागलं. रातीतून कुत्री पार झाली."

ही गोष्ट २०१९ च्या मे महिन्याच्या सुरुवातीची आहे. आदल्या वर्षीचा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला होता आणि जायकवाडी धरण मृतसाठ्यात, म्हणजे कालव्यात सहजी सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यात, उतरले होते. या धरणाचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि त्याखालचा मृतसाठा ७३८ दलघमी आहे. हे आकडे वर्तमानपत्रात रोज छापून येतात आणि आपण ते पिकाच्या व पिण्याच्या पाण्याचे म्हणून वाचतो. मी मात्र त्या उन्हाळ्यात ते आकडे घरट्यांसाठी वाचत होते. जलाशय बशीसारखा उथळ असल्यामुळे पातळी वीतभर उतरली तरी काठाची जमीन कितीतरी अंतर उघडी पडते. उघड्या पडलेल्या गाळात पेरणाऱ्या, गाळपेरीच्या शेतकऱ्याला त्यातून टरबूज आणि चारा मिळतो, तर पाणपक्ष्याला चिखलाची नवी पट्टी मिळते.

फेब्रुवारीत पाण्यातून वर आलेल्या एका उंचवट्यावर मी वनविभागाच्या परवानगीने नदी सुरय आणि छोटा आर्ली या पाणपक्ष्यांच्या घरट्यांची नोंद ठेवत होते. तो उंचवटा म्हणजे धरणात बुडालेल्या एका वस्तीचे जुने गावठाण असावे, कारण घडीव दगडांची जोती अजून जागेवर होती. सुरय मादी अंडी घालते ती या जोत्यांच्या फटींतल्या रेताड मातीत, हाताने उकरल्यासारख्या उथळ खळग्यात. त्यात काडी नाही, पीस नाही, दोन-तीन ठिपकेदार अंडी मात्र असतात. अशा घरट्याला कुंपण एकच, ते म्हणजे भोवतीचे पाणी. हा सगळा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, परंतु अभयारण्याची हद्द कुत्र्याला दिसत नाही, गुडघाभर पाणी दिसते.

साडेपाचला आम्ही तिथे पोहोचलो. बेट आणि काठ यांच्यामध्ये रात्रीतून पंधरा-वीस पावले रुंदीची ओल्या गाळाची मान उघडी पडली होती आणि तिच्यावर पंजांचे ठसे येता-जाता असे दोन्ही दिशांना उमटले होते. वर सुरयांचा नुसता गलका चालला होता. आदल्या दिवशी माझ्या वहीत सुरयाची ३८ घरटी होती. त्यांतली ११ रिकामी सापडली. काही खळग्यांत टरफलांचे तुकडे होते आणि काहींत तेही नव्हते. मी घरट्यांच्या खुणेचे क्रमांकित खडे नेहमीच घरट्यापासून चार हात दूर ठेवते, कारण खूण आणि खाद्य यांचा संबंध कावळ्याला लवकर कळतो. कुत्र्यांना मात्र खुणेची गरज पडली नव्हती.

आमच्या कामाचा एक अलिखित नियम असा आहे की निरीक्षकाने निरीक्षण करावे, ढवळाढवळ करू नये. तो नियम मला मान्य आहे, पण त्या सकाळी तो मला पुरेसा वाटला नाही. हे पाणी नदीच्या स्वभावाने हटत नव्हते. ते उन्हाने उडत होते आणि ज्या नळाचे पाणी मी शहरात घरी पिते त्या नळालाही जात होते. आणि ती कुत्री काही कोल्हे किंवा लांडगे नव्हती. ती काठावरच्या टरबुजाच्या राखणीची होती. तरीही, मन हळवे झाले म्हणून हात घालायचा की अजून काही वाचण्याजोगे आहे म्हणून, हे आधी ठरवणे आवश्यक होते.

त्यासाठी मी एका पारदर्शक डब्यात कोमट पाणी घेतले. अंडे उबवले जाते तसतसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून त्यातला ओलावा बाहेर पडतो आणि आतली हवेची पोकळी वाढते. म्हणून ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, अर्धे दिवस भरलेले अंडे तळावरच उभे राहते आणि पिल्लू निघायला आलेले अंडे तरंगून टोक पाण्याबाहेर काढते. सुरयाची अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हे चढण्याआधी काम उरकणे भाग होते, कारण मे महिन्यात आई-बाप उठून गेले की उघडे अंडे थोड्याच वेळात करपते. दुपारी तर हे पक्षी पोट पाण्यात भिजवून आणतात आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवतात. मी प्रत्येक घरट्यातले एकच अंडे तपासले. उरलेल्या २७ पैकी १९ घरट्यांतली अंडी तरंगली.

मी नानांना म्हणाले, "आठ-दहा दिवस मिळाले तर बरीच पिल्ले निघतील."

"आठ दिसाचं पाणी आणायचं कुठून?" असे म्हणत त्यांनी तराफ्यावरचे फावडे काढले.

वनरक्षकाला फोन करून परवानगी घेतली; तोही तासाभरात मोटारसायकलवर आला आणि बूट काढून चिखलात उतरला. नानांनी आणखी तिघांना बोलावले. गाळाच्या मानेवर आडवा चर खणला तेव्हा दोन हातांवरच पाणी लागले आणि दोन्ही बाजूंनी ते चरात येऊन मिळाले. पण दोन फुटी चर कुत्रे सहज उडी मारून ओलांडते, हे माझ्या लक्षात येण्याआधी नानांच्या लक्षात आले होते. जुने जाळे उभे करावे असे एकाने सुचवले. त्यात पक्षीच अडकतील म्हणून ते टाळले आणि काठावरच्या वेड्या बाभळीच्या काट्या तोडून चराच्या पलीकडे दाट अंथरल्या. दहा वाजेपर्यंत आम्ही सगळे ढोपरापर्यंत काळे झालो होतो.

खरे काम मात्र त्यानंतर झाले आणि त्यात माझा काहीच वाटा नव्हता. नाना टरबुजाच्या फडावर जाऊन बसले, पाणी प्यायले, भावाची चौकशी केली आणि शेवटी कुत्र्यांवर आले. फडवाला म्हणाला, "बांधून घालतो की, पर मग रानडुकरं कोण हाकलनार?" नानांनी आपल्या पोराला आठ रात्री राखणीला पाठवायचे कबूल केले. माझ्या अहवालात या कराराला कोणता रकाना द्यावा हे मला आजही सुचलेले नाही.

चौथ्या दिवशी पहिली पिल्ले दिसली. मातीच्याच रंगाची, दगडाच्या सावलीला चिकटून बसलेली. आई-बाप बोटभर चिलाप्या आणून त्यांना भरवत होते. नवव्या दिवसापर्यंत त्या १९ पैकी १६ घरट्यांत पिल्ले निघाली आणि त्यांतली मोठी पिल्ले हटत्या पाण्याच्या कडेने खाली उतरू लागली.

घरटे क्रमांक ३३ मधले अंडे त्या सकाळी डब्याच्या तळाशी सपाट आडवे पडले होते. त्या जोडीने फार उशिरा अंडी घातली होती आणि हिशेब मला तेव्हाच कळला होता. पंधराव्या दिवशी गेले तेव्हा चर कोरडा पडून भेगाळला होता, काट्या कोणीतरी चुलीसाठी नेल्या होत्या आणि पाणी गाळाच्या मानेपासून हाकेच्या अंतरावर गेले होते. मादी अजून अंड्यांवर बसलेली होती, पोटाची पिसे ओली होती. सतराव्या दिवशी तो खळगा रिकामा होता.