कडीपाटावरची गच्ची: गळती का होते आणि कशी टाळायची

जुन्या वाड्यात कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांच्या (पाटाच्या) छतावर, गच्ची करायची म्हटलं की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: चार इंच वीटतुकड्यांचा कोबा घाला, वर सिमेंट घोटा. स्लॅबवर हे चालतं, लाकडावर नाही. सागवानाची आठ इंची फळी पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आकसते. रुंदीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. चालताना कड्या थोड्या वाकतात तेही वेगळंच. सिमेंटला ही हालचाल सोसत नाही. केसाएवढी भेग पडते, पाणी कोब्यात शिरतं आणि तिथेच मुरून राहतं. खालून पाट कोरडा दिसतो, वरून मात्र कुजत असतो. खाली काळा डाग उमटेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

शिवाय वजन. चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. दहा बाय बाराच्या खोलीवर सव्वादोन टन! गळती थांबेना म्हणून जुन्यावर नवा कोबा चढवला की साडेचार. माणसांसाठी म्हणून चौरस मीटरला १५० किलो धरायचे असतात, ते यात आलेलेच नाहीत. म्हणून आधी जुना थर पाटापर्यंत उतरवा. वरचं वजन कमी करणं हीच निम्मी दुरुस्ती आहे.

पाट उघडा पडला की तुळयांची आणि कड्यांची टोकं तपासा, विशेषतः भिंतीत गेलेली. लाकूड सगळ्यात आधी तिथेच कुजतं, वाळवीही तिथूनच चढते. टोकदार पोगर (लोखंडी टोच्या) दाबून पाहा. सहज आत गेला तर ते टोक कापून नवं जोडल्याशिवाय पुढचं काम करू नका. हे काम सुताराचं आहे, भेगा भरून भागत नाही. कड्यांची ताकद स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

उतार कोब्याने न देता लाकडाने द्यावा. प्रत्येक कडीच्या रेषेत पाटावर पाचरीसारखी कापलेली पट्टी ठोका. ६० ला १ हा उतार धरला तर दहा फुटांत दोन इंच होतात. पट्टीची पातळ बाजूही किमान दीड इंच ठेवा, म्हणजे पाट आणि वरचा प्लाय यांच्यात हवा खेळेल. समोरासमोरच्या दोन कडांना जाळी लावून ही फट उघडी ठेवायची. पट्ट्यांवर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, दोन तक्त्यांमध्ये ३ मिलिमीटर फट, कडेने दर सहा इंचांवर गंज न लागणारा स्क्रू. त्यावर ईपीडीएम रबराची अखंड चादर, १.२ मिलिमीटर किंवा जाड. ती ताणली जाते, त्यामुळे लाकूड हललं तरी फाटत नाही. प्लाय आणि चादर मिळून चौरस मीटरला वीस किलोही भरत नाहीत. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे यातच करा.

गॅसच्या ज्योतीने चिकटवायचा डांबरी पडदा इथे अजिबात नको. शंभर वर्षांच्या सागवानाच्या फटींत धूळ आणि पाखरांच्या घरट्यांचं गवत असतं. ते आत धुमसत राहून माणसं निघून गेल्यावर तासाभरानेही पेटू शकतं.

गळती मधोमध क्वचितच होते. ती कडांना होते. चादर तयार फरशीच्या वर सहा इंच भिंतीवर चढवा, वरची कड भिंतीतल्या इंचभर खाचेत खोचून बंद करा. भिंत आणि गच्ची मिळतात तिथे काटकोन न ठेवता वाटा, म्हणजे गोलाई, द्या. दाराचा उंबराही तेवढाच उंच हवा. बहुतेकजण तो बुटका ठेवतात आणि आषाढातल्या तिरप्या सरींचं पाणी घरात घेतात. चार इंची पन्हळी दोन ठेवा. दुसरीचं तोंड दोन इंच वर असू द्या, पहिली पाल्याने तुंबली की ती उपयोगी पडते. कठड्याचे लोखंडी खांब चादरीला भोकं पाडून कधीच रोवू नका. बाहेरच्या बाजूने भिंतीला बसवा.

चुन्याचा कोबा हवाच असेल तर तुळया भक्कम हव्यात. चुना एक भाग, वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी) दोन. वीटतुकडे दीड इंचापर्यंतचे. गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत, थापी उसळी घेईपर्यंत आठवडाभर चोपायचा आणि पुढे दहा दिवस ओला ठेवायचा. चुना सिमेंटपेक्षा मऊ, बारीक हालचाल सोसतो. पण ही चोपणी दोन दिवसांत उरकली तर त्याचा उपयोग नाही.

फरशी टाकण्याआधी पन्हळींची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून दर काही तासांनी पाट पाहा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, हे तुळयांच्या हिशेबात धरा. खालचा पाट मात्र उघडाच ठेवा. फॉल्स सीलिंग लावलंत तर ओल आली हे कळणारच नाही. गच्चीवर ५०० लिटरची टाकीही ठेवू नका. भरल्यावर ती अर्धा टन होते आणि हे वजन एका-दोन कड्यांवरच येतं.