अडकलेला सीटपोस्ट

जुनी स्टीलची सायकल घेताना लोक आधी रंग बघतात, मी आता सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, हलतो का ते बघतो. मागच्या वेळी बघितलं नाही आणि फसलो, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर दिसलं ना, १९३५ साली आलेली ती फ्रेमची पातळ हलकी स्टीलची नळी, मग काय, डोकंच चालेना. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये वर्षानुवर्षं राहिला की आतल्या आत गंजून असा धरतो की विचारू नका. आठवडाभर रोज तेल सोडलं, शेवटी पोस्ट व्हाइसमध्ये पकडून अख्खी फ्रेमच फिरवली तेव्हा कुठे कर्रर्र करत सुटला, नुसती पांढरी भुकटी! आता भरपूर ग्रीस लावून बसवलाय. रंग मुद्दाम तसाच ठेवला, पोपडे गेलेला. काल पहिली चक्कर मारली, ब्रेक अजून कुईकुई करतायत.