रात्री दोन ते चारचा पहारा

सप्ताह म्हटला की कुणाला मांडव आठवतो, कुणाला कीर्तन, कुणाला काल्याची पंगत. पहाऱ्याची वही सांभाळणाऱ्याला आठवतात ते रकाने. आमच्या भजनी मंडळाचा अखंड हरिनाम सप्ताह चैत्र शुद्ध अष्टमीला बसतो आणि पौर्णिमेला, हनुमान जयंतीला, काला होतो. मधल्या एखाद्या तिथीचा क्षय असेल तर सप्तमीलाच वीणा उभी करावी लागते, म्हणून नवं पंचांग हातात आलं की पौर्णिमेपासून उलटं मोजत यायचं. सात दिवस आणि सात रात्री म्हणजे १६८ तास, आणि तेवढा वेळ वीणा आणि नाम थांबू द्यायचं नाही. दोन तासांचा एक पहारा, असे ८४ पहारे. दर पहाऱ्याला एक विणेकरी आणि निदान दोन टाळकरी. एकूण २५२ नावं.

दिवसाचे रकाने गुढीपाडव्यापर्यंत भरून जातात. सकाळी दहा ते बाराला तर तीन जागांसाठी आठ-नऊ जण मागे लागतात. रात्री दहा ते पहाटे चार मात्र कोरं राहतं. रोजचे तीन पहारे, सात रात्री, ६३ जागा. या ६३ जागा भरणं म्हणजेच सप्ताह, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं त्या भोवतीनं उभं राहतं. मंडळात सगळ्यांना हे पटतं असं नाही.

पहिल्या सकाळचं वीणापूजन, ग्रंथपूजन, कलश, ध्वज हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. सत्काराबद्दल मात्र बोलायला हवं. देणगीदारांना शाल-श्रीफळ द्यावं, त्यांचा मान राखावा, त्यात दुमत नाही. पण तो सत्कार कीर्तनाच्या वेळेतून कापून काढतात, ते बरं नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. म्हणून आमचं कीर्तन सात ते नऊ. त्यातली वीस मिनिटं हारतुऱ्यांत गेली की बुवांना अभंगाचं शेवटचं चरण उरकतं घ्यावं लागतं, आणि ज्या चरणासाठी तो अभंग लावला ते नेमकं तेच असतं. प्रवचन पाचला संपतं आणि हरिपाठ साडेपाचला सुरू होतो. सत्कार त्या अर्ध्या तासात करावेत, हे दरवर्षी बैठकीत मांडलं जातं. एक वर्ष तसं केलंही, आणि त्या वर्षी सातही कीर्तनं पुरती झाली.

वीणा एका हातून दुसऱ्या हाती कशी जाते ते जवळ उभं राहून पाहावं. येणारा हातपाय धुऊन, कपाळाला बुक्का लावून येतो आणि आधी वीणा धरलेल्याच्या पाया पडतो. मग डोक्यावरची टोपी काढून मान खाली घालतो. देणारा आपल्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालतो, पण तारेवरचं बोट सोडत नाही. घेणाऱ्याचं बोट तारेवर आलं, आवाज निघाला, की मगच देणाऱ्यानं हात काढायचा. नामाचंही तसंच. एकाचं ‘जय जय रामकृष्ण हरी’ खाली येता येता दुसऱ्यानं उचलायचं, मध्ये श्वासाएवढीही फट नको. आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, कारण आता वीणा त्याच्याकडे आहे. सत्तरीतले आजोबा बारावीतल्या पोराच्या पायावर डोकं ठेवतात, आणि त्या पोराला कळत नाही हात कुठे ठेवावा. गळ्यात वीणा असताना आपण कुणाला वाकायचं नसतं. दरवर्षी बघूनही तिथे गळा दाटतोच.

घोटाळे होतात ते साध्या गोष्टींनी. टोपी काढायची राहिली की पट्टा तीत अडकतो आणि बोट तारेवरून सुटतं. उंच माणसाचा पट्टा ठेंगण्याला लांब पडतो, भोपळा मांडीवर आपटत राहतो, म्हणून आमच्या पट्ट्याला दोन ठिकाणी गाठी आहेत आणि बदलण्याआधीच टाळकऱ्यानं योग्य गाठीत अडकवून ठेवायचं. तार तुटते ती बहुतेक पहाटेच्या सुमाराला. गारव्यानं स्वर हललेला वाटतो, झोपेच्या भरात कुणीतरी खुंटी पिळतो आणि एक वेढा जास्त देतो. यासाठी दुसरी वीणा जुळवून खांबाला टांगलेली असते. दुसरी आधी वाजती करायची, मग पहिली उतरवायची. तार बदलायला जादा तारा विणेच्याच गवसणीत ठेवतो. पूर्वी त्या कोठीत असायच्या, आणि कोठीची किल्ली रात्री दोनला कधीच सापडत नाही.

आता तो दोन ते चारचा पहारा. कीर्तन संपून पाचएकशे माणसं घरी गेलेली असतात. माइक बंद. मांडवात एकच दिवा आणि समईची वात. पाहुणे टाळकरी सतरंजीवर उपरणं पांघरून झोपलेले. एक जण वीणा धरून देवासमोर चार पावलं पुढे, चार पावलं मागे चालतो, दोघे खांबाशी उभे राहून टाळ धरतात. टाळ जोरात वाजवायचा नाही, कडेला कड नुसती टेकवायची. झोप अंगावर येते ती सव्वातीनच्या पुढे. तिच्यावर उपाय एकच, बसायचं नाही. बसला तो पेंगला. चहा अडीचला द्यायचा, दोनला नाही. दोनला दिला तर त्याचा जोर तीनपर्यंत ओसरतो. पहिल्या रात्री अष्टमीचा चंद्र कधीच मावळलेला असतो, मांडवाबाहेर मिट्ट काळोख. मग रोज चांदणं थोडं थोडं उशिरापर्यंत थांबायला लागतं आणि शेवटच्या रात्री, चतुर्दशीला, चारच्या पहाऱ्यालाही पारावर स्वच्छ उजेड असतो. या दोन तासांत ऐकायला कुणीही नसतं. ते गाणं गावासाठी नसतं, पाहुण्यांसाठी नसतं. नाम तुटू नये एवढ्यासाठी तिघे जागे असतात. मोठमोठ्या बुवांची कीर्तनं ऐकली, पण मनात घर करून बसलेला सूर या पहाऱ्याचाच आहे.

वहीत गेल्या दहा सप्ताहांची पानं आहेत, आणि या रात्रीच्या रकान्यांत फिरून फिरून तीच वीस-बावीस नावं दिसतात. गवंडीकाम करणारे दोघे भाऊ, जे सकाळी आठला कामावर जातात. दूधवाले अण्णा, ज्यांना चारला उठायचंच असतं म्हणून ते दोनलाच येतात. जावा-जावांची एक जोडी, ज्यांनी बारा ते दोनचा पहारा दोन रात्री बायकांसाठी मागून घेतला आणि एकदाही चुकवला नाही. ज्यांची नावं पत्रिकेत वरच्या ओळींत छापली जातात त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं या रकान्यांत आहेत. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वही समोर आहे.

पारायणाला ज्ञानेश्वरी असते. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. सात दिवसांत विभागताना नुसते अध्याय मोजून चालत नाही. बारावा अडीचशे ओव्यांच्या आत संपतो आणि अठराव्याच्या ओव्या अठराशेवर जातात. अठरावा एकाच बैठकीत ठेवला तर वाचक घाई करतात, ओवीचे शब्द गिळले जातात. आम्ही तो सहाव्या दिवशी दुपारी सुरू करून सातव्या दिवशी पूर्ण करतो. व्यासपीठचालक, म्हणजे पुढे बसून वाचन चालवणारा, चांगला असला की दीडशे वाचकांचा आवाज एका चालीत येतो. मागच्या रांगा नेहमी अर्ध्या ओवीनं मागे राहतात, म्हणून चालकानं ओवीच्या शेवटी किंचित थांबायचं.

मृदंगाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. उजव्या पुडीला शाई असते, डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. कणीक गव्हाची, नुसत्या पाण्यात भिजवलेली, मीठ-तेल काही नाही, पोळीच्या कणकेहून किंचित सैल. लिंबाएवढा गोळा घेऊन मधोमध पुरीसारखा थापायचा आणि कडा बोटानं चामड्याला चिकटवून घ्यायच्या. जास्त लावली तर धुमाचा, म्हणजे त्या डाव्या तोंडाचा, आवाज बसतो, कमी लावली तर टणटणतो. चैत्रातल्या उन्हाळ्यात ती कीर्तनाच्या मध्यावरच सुकायला लागते. मग बुवा बोलत असतात तेवढ्यात मृदंगाचार्य शेजारच्या वाटीत बोट बुडवून तिच्यावर फिरवतात. कीर्तन संपलं की कणीक तेव्हाच खरवडून काढायची आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. रात्रभर राहिली तर दगड होते, सकाळी काढताना पुडी फाटते, आणि राहिलेल्या कणकेला उंदीर लागतात ते वेगळंच. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून आलेली मुलं कणीक कशी काढतात ते पाहावं. आधी कपाळ मृदंगाला लावतील, मग नखानं नाही, बोटाच्या पेरानं कड सोडवतील. ही मुलं आली की आमच्या गावच्या पोरांचेही हात सुधारतात.

जेवणाचं गणित सोपं आहे, फक्त कुणी तरी डोकं शांत ठेवून करायला हवं. गोदाकाठी सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. आमचा सप्ताह त्यापुढे अगदी लहान, पण रीत तीच धरली आहे. काल्याच्या दिवशी पंधराशे पानं धरायची, माणशी दोन म्हणजे तीन हजार भाकरी. दीडशे घरांना वीस-वीस वाटून दिल्या की झालं. किलोभर पिठाच्या सात-आठ होतात, म्हणजे घरटी पावणेतीन किलो पीठ. बिघडतं ते आणण्यात. तव्यावरच्या गरम भाकरी लगेच टोपल्यात एकावर एक रचून झाकल्या की त्यांना घाम सुटतो, खालच्या पंधरा-वीस चिकट होतात. आधी पसरून वाफ जाऊ द्यावी, मग टोपल्यात धोतराचं पान घालून रचाव्यात. आमटीत मीठ एकाच माणसानं टाकायचं, आणि त्यानं टाकलं हे मोठ्यानं सांगायचं. दोघांनी टाकलेली आमटी आम्ही एकदा वाढली आहे. जेवणाऱ्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही, म्हणून ती जास्त लक्षात राहिली.

ज्यांची नावं पत्रिकेत येत नाहीत त्यांची आठवण इथे करतो. गिरणीवाले तात्या सप्ताहाआधीचे तीन दिवस दळणाचे पैसे घेत नाहीत. शाळेचे शिपाईमामा पाहुण्यांसाठी दोन वर्ग उघडून, बाकं एका बाजूला लावून, झाडून देतात. माइकवाला पोरगा भोंग्यांची तोंडं बाहेर वळवून बसतो, कारण भोंगा व्यासपीठाकडे असला की माइक शिट्टी मारतो. त्यानं सात दिवसांत मांडव सोडलेला नसतो. टँकरवाले, मांडवाच्या बल्ल्या पुरणारे, पंगतीची जागा शेणानं सारवणाऱ्या बाया, पत्रावळी उचलणारी तरुण मंडळी, समईत तेल घालणाऱ्या आजी. अडीचचा चहा करणारे काका, ज्यांना स्वतःला चहा चालत नाही. टाळांच्या दोऱ्या दरवर्षी नव्या ओवून देणारे शिंपी. हरिपाठाला पोरांच्या रांगा लावणाऱ्या गुरुजींचं नाव गेल्या वर्षी आभारात राहून गेलं. तसं व्हायला नको होतं. म्हणून या वेळी त्यांना सगळ्यात शेवटी लिहिलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतील. आणि भाकरीच्या दीडशे घरांत तीन घरं अशी आहेत, ज्यांच्याकडे त्या वर्षी दुःख झालं होतं, तरी त्यांच्या वाटच्या वीस भाकरी भावकीतून आल्या.

पौर्णिमेला सूर्योदयाला जन्माचं कीर्तन होतं, दहाला काल्याचं. दहीहंडी फुटते, लाह्या-दह्याचा काला हातोहात फिरतो, टाळकऱ्यांच्या फुगड्या होतात. बुवा शेवटचा गजर करतात, आरती होते. मग विणेकरी देवासमोर येतो. सात दिवसांत पहिल्यांदा वीणा गळ्यातून निघते आणि दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जात नाही, पाटावर ठेवली जाते. त्या वेळी मांडवात पंधराशे माणसं असतात, पोरं ओरडत असतात, पंगतीची हाक सुरू झालेली असते, आणि तरी एकदम शांत वाटतं. कानाला सवय झालेला तो सूर गेलेला असतो. रात्रीच्या पहाऱ्यातली माणसं तेव्हा एकमेकांकडे बघतात. जेवायला ती शेवटच्या पंगतीला बसतात. संध्याकाळी घरी गेल्यावरही ओट्यावर बसून बोटं गुडघ्यावर टाळासारखी हलत असतात, असं त्यांच्या घरची माणसं सांगतात.

यंदाची वही बंद केली आहे, पुढच्या वर्षीची आखून ठेवली आहे. पहिल्या रात्रीच्या दोन ते चारला विणेकरी म्हणून गवंडीभावांपैकी थोरल्याचं नाव घातलंय, धाकटा टाळ धरेल. तिसरी जागा रिकामी आहे. ज्याला यायचं असेल त्यानं पाडव्याच्या आत सांगावं, आणि टोपी सैल घालून यावं.