भाजीवालीची माया

आज भाजीवालीने माझी कीव केली आणि ती दुपारपासून मनातून जाता जात नाही. तिने क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला, मी खिशातून घडीचा, बटणांचा साधा फोन काढून दाखवला, तेव्हा "राहू द्या काका, उद्या दिलेत तरी चालेल," असे ती इतक्या मायेने म्हणाली की वर फुकट घातलेली कोथिंबीरसुद्धा मला टोचली. खिशात पाचशेची नोट होती. सुटे मात्र दोघांकडेही नव्हते.

साध्या फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केले, हे मला ठाऊक आहे. परंतु मागे बायका मेथीच्या जुड्या हातात घेऊन खोळंबलेल्या असताना यंत्राच्या सूचना ऐकत आकडे कोण दाबत बसणार? कीव नेमकी कसली, हेच कळत नाही. मुलगा विचारत नसावा, अशी? की म्हाताऱ्याला जमत नसावे, अशी? संजूने आणलेला मोठा फोन कपाटात पडून आहे, हे तिला मुद्दाम जाऊन सांगणे तर त्याहून केविलवाणे. माईंच्या आजारपणात तो का बंद केला, ते आज लिहीत नाही.

गैरसोयी आहेतच. मराठी संदेशाला इंग्रजीच्या १६० अक्षरांऐवजी ७०च मिळतात, त्यातही काना-वेलांटी वेगळी मोजली जाते आणि एकटा 'क्ष' तीन जागा खातो. त्यामुळे माझी उत्तरे तुटक होतात आणि वहिनींना वाटते की मी फुगलो आहे. उलट, फोन मिटला की बटणे झाकली जातात, खिशातून कोणाला परस्पर फोन लागत नाही, आणि नको असलेले बोलणे टप्पकन मिटवण्याचे सुख काचेवर बोट टेकवून मिळत नाही.

शिवाय कीव अगदीच तोट्याची नाही, हे लिहितानाच ध्यानात येते आहे. सोसायटीचे सचिव पाणी बंद असल्याची सूचना ग्रुपवर टाकतात, पण माझ्यासाठी बेल वाजवून स्वतः सांगून जातात. काल चहाला थांबवले, तर जावयाच्या नोकरीचे गाऱ्हाणे त्यांनी तासभर ऐकवले, आणि त्यांना मिटवण्याची सोय कोणत्याच फोनमध्ये नाही.